सौर बॅटरी बदलण्याआधी रात्रीचा हिशेब मांडा

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : घरगुती सौर संचाच्या बॅटऱ्या बदलताना ग्रामीण ग्राहकाचे होणारे नुकसान

गुढीपाडव्यापासून आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘जुनी बॅटरी द्या, नवी घेऊन जा’ अशा अर्थाच्या जाहिराती जवळजवळ रोज दिसत आहेत. ऊन तापू लागले, पंख्यांचा वापर वाढला आणि तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या बॅटऱ्या मध्यरात्रीच मान टाकू लागल्या की आमच्याकडच्या खेड्यांत ही खरेदी सुरू होते. जाहिरातीत एएचचा (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा) आकडा मोठ्या अक्षरात असतो, वॉरंटीचे महिने असतात आणि जुन्या बॅटरीवर मिळणारी सूटही असते. त्या बॅटरीतून रात्री प्रत्यक्ष किती युनिट वीज वापरता येईल, हे मात्र एकाही जाहिरातीत मला वाचायला मिळाले नाही. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे माझे स्वतःचे बरेच पैसे गेले आहेत, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून घाटंजी तालुक्यात आमच्या वावरातच घर बांधून राहतो. गावठाणातील लाईन आमच्या घरापर्यंत येत नाही आणि शेतीच्या फीडरवरची वीज पाळीने येते, त्यामुळे २०१८ मध्ये २५० वॅटच्या चार सौर प्लेटा, २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर (शिसे व ॲसिडच्या) बॅटऱ्या असा संच बसवून घेतला. पहिली तीन वर्षे काही त्रास झाला नाही. २०२२ च्या जूनमध्ये रात्री दोनच्या सुमारास पंखे बंद पडू लागले, तेव्हा दोन्ही बॅटऱ्या गाडीत घालून दुकानात नेल्या. दुकानदाराने तपासून सांगितले, “काकाजी, एकाच बॅटरीचा सेल गेला आहे, दुसरी चांगली आहे. दोन्ही बदलून उगाच खर्च कशाला करता?” मला तो सल्ला प्रामाणिक आणि काटकसरीचा वाटला. एक बॅटरी नवी घेतली, एक जुनीच ठेवली.

चौदा महिने गेले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, महालक्ष्म्यांच्या दिवसांत, घरात पाहुणे असताना रात्री नऊ वाजताच सगळे घर अंधारात गेले. माझा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून आता वायरमनचे काम करतो. तो दुसऱ्या दिवशी व्होल्ट मोजायचे मीटर आणि ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर घेऊन आला. दुपारी कडक ऊन असताना आणि इन्व्हर्टर पूर्ण चार्जिंगचा दिवा दाखवत असताना त्याने दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावला. जुन्या बॅटरीवर १५.३ व्होल्ट दिसले, नव्या बॅटरीवर १३.५. मग झाकणे उघडून ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, मोजली. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती १.२४० च्या आसपास असायला हवी. माझ्या नव्या बॅटरीच्या सहाही सेलमध्ये ती १.१५० ते १.१६० होती, म्हणजे भर दुपारीही ती बॅटरी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. जुन्या बॅटरीतून मात्र बुडबुड्यांचा आवाज येत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की जुनीत मी दर पंधरा दिवसांनी पाणी घालत होतो आणि नवीचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट मात्र वर्षभर जागचे हलले नव्हते. नवी बॅटरी पाणी पीत नाही म्हणून मी तिचे कौतुक करीत होतो, पण पाणी न लागण्याचे कारण तिचे चार्जिंग कधी पूर्णच होत नव्हते, हे होते.

त्याने मला समजावून सांगितले, “गुरुजी, इन्व्हर्टर दोन्ही मिळून २८.८ व्होल्ट झाले की चार्जिंग आटोपते घेतो. जुनीची ताकद कमी, तिचे व्होल्ट लवकर चढतात आणि त्या बेरजेतला जास्त वाटा तीच खाते. नवी बिचारी रोज अर्धपोटी राहते.” अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिलेल्या शिशाच्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर जमतो आणि तो एकदा घट्ट बसला की पूर्ववत होणे कठीण असते. म्हणजे ज्या सल्ल्याने माझे निम्मे पैसे वाचणार होते, त्याच सल्ल्याने नवी बॅटरी मारली. एका माळेत जोडलेल्या बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्याव्यात, हा या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम आहे. तो ग्राहकाला माहीत नसला तर समजू शकते. विक्रेत्याने तो सांगायला हवा. वॉरंटीसाठी गेलो तर कार्डावर दुकानाचा शिक्का नव्हता, माझ्याजवळ कच्ची पावती होती आणि विषय तिथेच संपला. यात माझीही चूक आहे, पण अशी चूक करणारा मी तालुक्यात एकटा नाही, हे नंतर चौकशी केल्यावर कळले.

त्यानंतर मी नवी खरेदी लगेच न करता प्रथम घराचा रात्रीचा वापर कागदावर मांडला. तो येथे देत आहे, कारण आमच्याकडच्या बहुतेक घरांचा वापर साधारण असाच असतो. ९ वॅटचे पाच दिवे पाच तास, म्हणजे २२५ वॅट-तास. ७५ वॅटचे दोन पंखे नऊ तास, म्हणजे १३५०. टीव्ही तीन तास, १५०. अंगणातला १२ वॅटचा दिवा रात्रभर, १२०. मोबाईल वगैरे ४५. एकूण १८९० वॅट-तास, म्हणजे जवळपास दोन युनिट. इन्व्हर्टर स्वतः दहा-बारा टक्के खातो, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात दोन युनिटांहून थोडे अधिकच निघत होते. आता बॅटरीची बाजू पाहू. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. दोन बॅटऱ्यांचे ३६०० झाले. परंतु शिशाची बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातील निम्म्यापेक्षा जास्त वीज रोज काढू नये असे मानले जाते. म्हणजे माझ्या हाती रोजचे १८०० आणि खर्च २१०० च्या पुढे. पहिल्या दिवसापासूनच मी बॅटऱ्यांना रोज थोडे जास्त खेचत होतो.

या हिशेबात एक ओळ डोळ्यांत भरते, ती पंख्यांची. एकूण वापराचा सत्तर टक्के भाग दोन साध्या पंख्यांचा होता. ते काढून सुमारे ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे लावले आणि पंख्यांचा खर्च १३५० वरून ५४० वर आला. एकूण वापर १०८० झाला. दोन पंख्यांना मिळून सहा हजारांच्या आत खर्च आला. बॅटरी बदलायला निघालेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की आधी पंखे बदला आणि मग बॅटरीच्या दुकानाची पायरी चढा, कारण तेव्हा तुम्हाला लागणारी बॅटरी जवळपास निम्म्या आकाराची असेल. हे विक्रेता सांगणार नाही, कारण त्याला त्यात काही मिळत नाही.

याउलट विक्रेते सुचवतात ते असे की १५० एएचची पुरत नसेल तर २०० किंवा २२० ची घ्या. प्लेटा त्याच ठेवून बॅटरी मोठी करणे म्हणजे विहिरीला पाणी तेवढेच असताना टाके मोठे बांधण्यासारखे आहे. एक किलोवॅटच्या प्लेटांपासून स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट वीज मिळते. श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा त्याच्या निम्मीही मिळत नाही आणि त्यातच दिवसाचा वापरही भागवायचा असतो. मोठी बॅटरी अशा वेळी भरतच नाही आणि वर सांगितलेला सल्फेटचा रोग तिला लागतो. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या भागाइतका चार्जिंगचा करंट मिळावा, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर, असा कामचलाऊ नियम आहे. आपल्या प्लेटा तेवढा देतात का, हे आधी पाहावे.

एएचच्या आकड्यातही एक खाचखळगा आहे. बॅटरीवर आकड्यासोबत बारीक अक्षरात सी-१० किंवा सी-२० असे लिहिलेले असते. सी-२० म्हणजे ती बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर तेवढे एएच देईल, आणि सी-१० म्हणजे दहा तासांत रिकामी केली तरी देईल. १५० एएच सी-२० ची बॅटरी दहा तासांच्या रात्रीत १५० देत नाही, त्याहून बरीच कमी देते. सौर वापरासाठीच्या बॅटऱ्यांवर सहसा सी-१० असते आणि घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर सी-२०. त्यामुळे दोन दुकानांतील किमतींची तुलना करताना दोन्हीकडे सी-१० किंवा सी-२० यांपैकी एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये. सौर संचाच्या बॅटऱ्यांसाठी आयएस १६२७० हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख बॅटरीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात आहे का, तेही विचारावे.

विदर्भातील बॅटरीच्या आयुष्याचा विचार उष्णतेशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. कंपनी आयुष्याचे जे आकडे देते ते २५ ते २७ अंश तापमानाचे असतात आणि त्यावर दर दहा अंशांनी शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. माझ्या पहिल्या दोन्ही बॅटऱ्या टिनाच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या होत्या, कारण प्लेटांपासून वायर तिथे जवळ पडत होती. दुपारी त्या बॅटरीला हात लावून ठेवता येत नसे. त्यांच्यानंतर घेतलेली बॅटरी आता मातीच्या जाड भिंतींच्या, ज्वारीच्या कणग्या ठेवतो त्या खोलीत आहे. वायरचे चार-पाच मीटर वाढले, पण तिथे बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जाणवेल इतका थंडावा असतो. अंतर वाढले की वायर जाड घ्यावी लागते, नाहीतर वायरमध्येच व्होल्ट गळतात. शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा खोली थंड असली तरी बंद नसावी, वरच्या बाजूला झरोका असावा आणि तिथे दिवा-उदबत्ती लावू नये. तसेच उष्णतेत चार्जिंगचे व्होल्ट थोडे कमी ठेवावे लागतात. चांगल्या इन्व्हर्टरला त्यासाठी बॅटरीवर चिकटवायचा तापमानाचा सेन्सर मिळतो. आमच्या भागात तो बसवलेला मी एकाही घरी पाहिलेला नाही.

शिशाची बॅटरी घ्यायची की लिथियमची, हा प्रश्न मला आता अनेक जण विचारतात. मी २०२४ च्या जानेवारीत लिथियम आयर्न फॉस्फेटची २५.६ व्होल्ट १०० एएचची बॅटरी घेतली. तिच्यात २५६० वॅट-तास मावतात आणि त्यातले ऐंशी टक्के रोज वापरले तरी चालते. माझा रोजचा वापर तिच्या निम्म्यात बसतो, त्यामुळे एखादा आभाळाचा दिवस निभावून जातो. किंमत दोन चांगल्या ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या दीडपटीहून अधिक पडली, पण चार्जिंगमध्ये वीज कमी वाया जाते, पाणी घालावे लागत नाही आणि हजारो वेळा भरण्या-उपसण्याचे तिचे आयुष्य पाहता वर्षाला पडणारा खर्च मला कमी दिसतो. तरीही प्रत्येकाने तीच घ्यावी असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे लाईन असते आणि बॅटरी फक्त दोन-तीन तासांच्या खंडासाठी लागते, त्यांच्यासाठी वेळेवर पाणी घातलेली ट्युब्युलर बॅटरी आजही उत्तम आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होते आणि जुनी झाल्यावर शिशाचे पैसे परत मिळतात. ज्यांचे घर रोज रात्रभर बॅटरीवर चालते, त्यांनी मात्र लिथियमचा विचार जरूर करावा.

तो करताना पहिला प्रश्न स्वतःच्या इन्व्हर्टरबद्दल विचारावा. त्यात लिथियमची सेटिंग आहे का? ट्युब्युलरच्या सेटिंगमध्ये अधूनमधून इक्वलायझेशनचे, म्हणजे सगळे सेल सारखे भरण्यासाठीचे, चढे व्होल्ट दिले जातात, ते लिथियमला चालत नाहीत. आतील बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट अशा वेळी बॅटरी तोडून टाकते आणि घरच्यांना वाटते की बॅटरी खराब निघाली. चार सेलच्या १२.८ व्होल्टच्या बॅटरीला १४.६ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये, माझ्यासारख्या २५.६ व्होल्टच्या बॅटरीला त्याच्या दुप्पट. दुसरे असे की लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच राहतात, त्यामुळे इन्व्हर्टरवरच्या चार दांड्या पाहून किती वीज उरली ते कळत नाही. त्यासाठी आत-बाहेर जाणारा करंट मोजणारे मीटर वेगळे लावावे लागते किंवा बॅटरीवरच तशी सोय असलेली घ्यावी लागते. उष्णता लिथियमलाही मानवत नाही, फार तापल्यास बीएमएस चार्जिंग थांबवते, म्हणून तीही सावलीतच हवी. आणि ई-रिक्षांतून किंवा गाड्यांतून निघालेले सेल पुन्हा जुळवून, नवे वेष्टन चढवून विकले जातात, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घरात आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या सेलचे वय कोणालाच सांगता येत नाही आणि आत बीएमएस कशी आहे हेही दिसत नाही.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावर प्लेटा लावलेल्या काही नातेवाइकांना वाटते की लाईन गेली तरी त्यांचे घर चालू राहील. या योजनेचे अनुदान, जे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे, ते प्लेटांच्या किलोवॅटवर मिळते आणि हे संच महावितरणच्या लाईनशी जोडलेले असतात. लाईन गेली की खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी ते आपोआप बंद होतात. बॅटरीची सोय वेगळ्या खर्चाने आणि त्यासाठी योग्य अशा हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या) इन्व्हर्टरनेच होऊ शकते.

जुन्या बॅटरीचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. १५० एएचच्या बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या वर भरते आणि त्यात मोठा भाग शिशाचा असतो. आमच्याकडे भंगारवाले गावात येऊन ती घेतात. ॲसिड नाल्यात किंवा धुऱ्यावर ओततात आणि रिकामी पेटी घेऊन जातात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या नाल्याचे पाणी ढोरे पितात, त्यात शिसे मिसळलेले ॲसिड गेले तर त्याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे आणि ग्राहकानेही ती इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत ठिकाणीच द्यायची आहे. परंतु तालुक्याच्या गावात असे ठिकाण कोणते, हे मला अजून कोणत्याही फलकावर लिहिलेले आढळले नाही. तोवर निदान नवी बॅटरी घेताना जुनी ॲसिडसह दुकानातच द्यावी आणि तिचे वजन व दर बिलावर लिहून घ्यावा.

बिल हा शब्द आला म्हणून सांगतो. जीएसटीचे पक्के बिल, त्यावर बॅटरीचा क्रमांक, सी-१० की सी-२०, वॉरंटी कार्डावर त्याच दिवसाचा शिक्का, आणि वॉरंटीचे किती महिने पूर्ण बदलीचे व किती महिने फक्त सवलतीचे, हे सगळे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ६० महिन्यांची म्हणून सांगितलेली वॉरंटी पुष्कळदा ३६ अधिक २४ अशी असते आणि त्या २४ महिन्यांत नवी बॅटरी मिळत नाही, किमतीत थोडी सूट मिळते. बॅटरी सौर संचाला जोडली तर वॉरंटी चालू राहते का, हेही कार्डावर वाचून घ्यावे. कागद जवळ असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. माझ्याकडे कागद नव्हते, म्हणून मला या दोन्ही दारांपाशी जाता आले नाही.

आपणांस माझी विनंती अशी आहे की अशा जाहिराती स्वीकारताना जाहिरातदारांकडून तीन गोष्टी छापून घेण्याचा आग्रह धरावा : एएचसोबत सी-१० किंवा सी-२०, प्रत्यक्ष वापरता येणारी युनिटे, आणि वॉरंटीचे पूर्ण बदलीचे महिने. महावितरणने आणि महाऊर्जाने (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने) गावोगावच्या सौर संचधारकांसाठी वॉरंटीच्या अटी व देखभालीची माहिती मराठीत छापून द्यावी, आणि तालुक्यातील आयटीआयने हायड्रोमीटर व मीटर लावून बॅटरी तपासण्याचे एक-दोन दिवसांचे वर्ग गावातील मुलांसाठी घ्यावेत. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे काम येत होते म्हणून मला माझ्या बॅटरीचे खरे दुखणे कळले. त्याच्या आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत ते येणारा दुसरा कोणी असल्याचे त्यालाही ठाऊक नाही. मे महिना जवळ आला आहे आणि खरेदी सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. घाटंजी, जि. यवतमाळ